दोन डोळ्यांची कांडी

“इन,” यंत्र म्हणालं आणि थांबलं.

खुर्चीतल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोक्यावरच्या टोपऱ्यातून विजेचा हलका धक्का गेला, पडद्यावरची निळी रेघ जेमतेम थरथरली आणि पुन्हा आडवी झाली. ओठांतून काही बाहेर आलं नाही. डाव्या हाताची बोटं मात्र खुर्चीच्या हातावरून उचलली गेली आणि तशीच अधांतरी राहिली.

“पुढचा शब्द घेऊ,” यंत्र चालवणारी पल्लवी तेरदाळे म्हणाली. कालही ती हेच म्हणाली होती.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथल्या रिक्षावाल्याला नुसतं दुखणं सांगितलं तरी तो योग्य डॉक्टरच्या दारात नेऊन सोडतो. पण ‘वाचा-पुनर्बांधणी केंद्र’ म्हटलं की तो एकदा मागं वळून बघायचा आणि पुढं रस्ताभर गप्प बसायचा. पक्षाघाताच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली, अशी माणसं तिथं यायची. काही बोलत परत जायची, काही आली तशीच जायची. सुमित्रा मगदूम, म्हणजे शिरोळकडच्या गावात सगळं आयुष्य इंग्रजी शिकवलेल्या मगदूमबाई, दुसऱ्या गटात चालल्या होत्या.

केंद्राचे प्रमुख डॉ. अन्वर मुजावर यांची एक सवय होती. इथलं शास्त्र ते प्रत्येक नातेवाइकाला स्वतः समजावून सांगायचे, आणि तेही हाताखालच्या माणसांवर न सोपवता. बाईंची मुलगी वैजयंती हिलाही त्यांनी पहिल्याच भेटीत समोर बसवलं होतं.

“मेंदू लांब शब्द अख्खा साठवत नाही,” ते म्हणाले होते. “तुकडे करून ठेवतो. शिकताना पहिल्यांदा जिथं तोडला, तिथं सांधा राहतो आणि तो जन्मभर हलत नाही. झटक्यानं शब्द जात नाही, त्याच्याकडं जायची वाट जाते. आमचा सांधेवाचक काय करतो, पहिला तुकडा कानात सांगतो आणि बरोबर त्या सांध्यावर मेंदूला किंचित धक्का देतो. धक्का नेमका बसला की पुढचा तुकडा आपसूक बाहेर पडतो.”

“आणि भलतीकडंच बसला तर?” वैजयंतीनं विचारलं. ती फार सावकाश आणि एका लयीत बोलायची. बोलताना तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर टिचक्या मारत असायचं. पल्लवीला ती बाई जरा शिष्टच वाटली होती.

“तर शब्द आणखी घट्ट मिटतो.”

“मग मराठीच का नाही घेत? आई इंग्रजी शिकवायची, पण भांडायची मराठीतच की.”

मुजावर हसले. “मराठी आपण तोडून शिकतच नाही. आईच्या मांडीवर बसून अख्खी गिळलेली असते. सांधाच नाही तर धक्का देणार कुठं? इंग्रजी मात्र शाळेत घाम गाळून तुकड्या-तुकड्यानं शिकलेली. म्हणून तीच आधी परत येते. आमच्याकडचे एक निवृत्त बँक मॅनेजर सध्या ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘इन्स्टॉलमेंट’ एवढ्या दोन शब्दांवर संसार करतायत. बायको म्हणते, लग्नानंतर इतकं नीट कधीच समजलं नव्हतं.”

“आणि त्यांची मराठी?”

“ती अजून कुणाचीच आलेली नाही,” मुजावर खरं ते बोलले.

वैजयंतीला काय हवं होतं हे तिनं उठताना सांगितलं, अगदी सरळ. “डॉक्टर, मला भाषण नको. तिनं मला एकदा हाक मारावी, बास.”

त्याला आता बरेच आठवडे झाले होते. झटक्यानंतर काही महिने मेंदू ओल्या मातीसारखा असतो, तेवढ्यातच काय घडवायचं ते घडवायचं. मग माती वाळते आणि धक्के देऊन उपयोग नसतो. बाईंची माती वाळत आली होती आणि एक शब्द निघाला नव्हता.

“नकाशा चुकतोय,” मुजावर पडद्याकडे बघत म्हणाले.

“नकाशा चुकत नाही, सर.” पल्लवीला हे झोंबलं. शब्दांचे सांधे कुठं असतात याचा तो सांधेनकाशा तिनं हजारो धडधाकट माणसांच्या मेंदूंवरून आणि मोठमोठ्या शब्दकोशांवरून स्वतः बांधला होता. “इन, फॉर, मे, शन. एका तुकड्यात एक स्वर, जगभर हेच. आणि या तर इंग्रजीच्या शिक्षिका! यांचेच सांधे सापडत नसतील तर...”

काचेवर टकटक झाली.

तपासणी चालू असताना नातेवाइकांनी काचेपलीकडे बसायचं, असा केंद्राचा नियम होता. बाहेरच्या आवाजानं रेघा बिघडतात. वैजयंतीनं तो आजवर मुकाट्यानं पाळला होता. आज ती दार उघडून आत आली.

“मॅडम, राग मानू नका. तुम्ही कांडी अर्धीच देताय.”

“काय देतेय?”

“आईचा हात बघा. ‘इन’ म्हटल्यावर उचललाय आणि थांबलाय. तिची टाळी अजून पडली नाही.” वैजयंतीचं बोट अंगठ्यावर चालू होतं. “आमचा उसाचा भाग. पोरं लांब शब्द बघितला की पळायची. आई म्हणायची, ऊस कुणी अख्खा लावतो का रे? कांड्या करून लावायचा. आणि प्रत्येक कांडीला कोंब फुटायचा डोळा हवा, नाहीतर उगवत नाही. शब्दातला डोळा म्हणजे स्वर.”

“मग मी तेच करतेय,” पल्लवी म्हणाली. “एक तुकडा, एक स्वर.”

“ते आताचं. माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे, तिथं मीपण एक डोळाच लावते. पण तेव्हा लागण दोन डोळ्यांच्या कांडीची असायची. एक मेला तर दुसरा उगवतो म्हणून. आईनं शब्दपण तसेच तोडले. दोन स्वर, मग टाळी. शेवटी एकटा उरला तर ते वाढं, उसाचा शेंडा, जनावरांपुढं टाकायचं.” आणि तिनं मांडीवर हात आपटत म्हणून दाखवलं, “रिस्पॉन. सिबि. लिटी.”

“हे चूक आहे,” पल्लवीच्या तोंडून निघून गेलं.

“व्हय. शाळा तपासायला आलेले साहेबपण असंच म्हणाले होते. मग त्यांनी पोरांना शब्द विचारले आणि चहा पिऊन गेले.”

मुजावरांनी पल्लवीकडे पाहिलं. मग मानेनंच यंत्राकडे खूण केली. पल्लवी यंत्रापाशी बसली. नकाशातले सांधे एकाआड एक पुसायचे, एवढंच काम होतं. स्वतःच्या हातानं बांधलेलं पुसताना तिला कसंसंच झालं, पण हात थांबला नाही.

“इनफॉर,” यंत्र म्हणालं.

बाईंचा डावा हात उचलला गेला आणि खुर्चीच्या हातावर पडला. पडद्यावरची रेघ ताडकन उसळली.

“मेशन,” मगदूमबाई म्हणाल्या.

आवाज घोगरा होता, महिनोन्महिने न वापरलेला. त्या स्वतःच दचकल्या. मग हसल्या, तोंडाच्या एकाच बाजूनं, आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांनी हात पुन्हा उचलून धरला. पुढचा शब्द द्या, असा तो हात होता. काचेपलीकडे परत जायचं विसरून वैजयंती भिंतीला टेकून रडत होती आणि तिला कुणीही नियम सांगितला नाही.

त्यानंतर केंद्रात धमाल सुरू झाली. लांब शब्द एकामागून एक यायला लागले. काही तर टोपरं काढल्यावरही राहिले. मुजावर बॅटरी घेऊन आले की बाई म्हणायच्या, “एक्झामिनेशन.” केंद्रातल्या चहाचा पहिला घोट घेतला की कप खाली ठेवून, “डिसअपॉइंटमेंट.” पल्लवीनं केस कापून घेतले त्या दिवशी तिला “कॉन्ग्रॅच्युलेशन्स” मिळालं, आणि आपली आतापर्यंतची कुठलीही पदवी इतकी गोड लागली नव्हती, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. मुलीकडे बोट दाखवून बाई एकच शब्द म्हणायच्या, “रिस्पॉन्सिबिलिटी.”

“लहानपणापासून मी तिला तेवढीच,” वैजयंती हसून म्हणाली. पल्लवीनं त्याचा अर्थ विचारला नाही. विचारायला हवा होता.

एका दुपारी बाईंना मुलीला काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी तिचा हात धरला. “इन्फॉर्मेशन,” त्या म्हणाल्या. मान हलवली. “इम्पॉसिबल.” पुन्हा मान हलवली. तिसरा शब्द शोधला, तो मिळाला नाही, आणि त्यांनी मुलीचा हात सोडून खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. इतके मोठमोठे शब्द होते आणि पोटच्या पोरीशी बोलायला त्यांतला एकही कामाचा नव्हता.

पल्लवीनं मराठीवर जिवाचं रान केलं. एक डोळा करून पाहिला, दोन डोळे करून पाहिले. ‘पाणी’, ‘भाकरी’, ‘वैजयंती’. रेघ मेल्यासारखी पडून राहिली. शेवटी मुजावरांनीच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“पुरे, पल्लवी. माती वाळायला लागली. त्यांना घरी जाऊ दे.”

निघायच्या दिवशी सकाळी पल्लवी शेवटची नोंद घेत होती. बाईंच्या डोक्यावर टोपरं तसंच होतं. आता रेघा बिघडून काही बिघडणार नव्हतं, म्हणून वैजयंती आतच होती. ती आईसमोर वाकली.

“चल, आई. गाडी आलीय. आता आपण द... द... दवाखा...”

तिचं बोट अंगठ्यावर नव्हतं. त्या हातात आईची पिशवी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला, मान ताठली. मग तिनं तो शब्दच गिळला आणि घाईनं म्हणाली, “घरी जाऊ.”

“सर!” पल्लवी ओरडली. “इकडं या. आत्ताच्या आत्ता.”

पडद्यावर एक उसळी गोठवून ठेवली होती. ‘मेशन’च्या वेळची होती त्याहून उंच.

“हा सांधा आहे,” मुजावर पुटपुटले. “मराठीचा सांधा. कसा शक्य आहे?” त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. “ताई, तुम्ही आत्ता काय केलंत?”

“काही नाही.” बोट पुन्हा अंगठ्यावर आलं होतं. “जीभ अडकली.”

“नेहमी अडकते?”

वैजयंतीनं पिशवी खाली ठेवली. सांगावं की नाही, असा तिचा चेहरा झाला होता. “आता नाही. लहानपणी मी तोतरी होते, डॉक्टर. नुसती तोतरी नव्हे, मुकीच म्हणा. पोरं हसायची म्हणून मी बोलणंच टाकलं होतं. शाळेतून आल्यावर आई रोज मला समोर बसवायची. मी अडकले की पुढचा तुकडा ती द्यायची आणि टाळी वाजवायची. ‘घाई नाही. बोल, वैजू.’ असं किती वर्षं चाललं असेल! शाळेतल्या पोरांना दोन डोळे, मला मात्र एकच डोळा, सगळ्यात बारीक कांडी. टाळीच्या जागी हे बोट आलं आणि मी बोलायला लागले. बोट चालू असलं की कुणाला कळत नाही.”

शिष्ट! पल्लवीला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

मुजावर मात्र उभ्या उभ्याच विचार करत होते. “आपण गाढव आहोत, पल्लवी. आपण फक्त शिकणाऱ्याचा मेंदू बघत आलो. अरे, तोडणाऱ्याच्या मेंदूतही सांधा पडतोच की! यांनी मराठी अख्खी गिळलेली, मान्य. पण भरवताना? भरवताना घास करूनच भरवली ना?”

“मग माझे तुकडे का चालले नाहीत? तेही एकाच डोळ्याचे होते.”

“कारण ते यंत्र म्हणत होतं. या सांध्याची कळ वेगळी आहे. समोर लेकरू अडलं की पुढचा तुकडा द्यायचा, असा तो पडलाय. लेकरू अडलंच नाही तर तो उघडेल कशाला?” ते थांबले आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. “आणि हे फक्त यांचं नाही. ज्यानं ज्यानं पोराला बोलायला शिकवलं, त्या प्रत्येकाच्या आत असे सांधे असणार. त्या बँक मॅनेजरांना चार मुलं आहेत.”

दोघांनी एकदमच वैजयंतीकडे पाहिलं. तिला न सांगताच कळलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी लोकांसमोर अडखळत नाही. गावात कुणाला आठवतपण नाही आता. बाजारात, बँकेत, मी कुठंच...” ती आईकडे वळली. मगदूमबाई तिच्याकडेच बघत होत्या, चहाचा कप खाली ठेवताना बघायच्या तशा नाराजीनं नव्हे. वैजयंती समोरच्या स्टुलावर बसली. “बरं. बघते.”

पहिल्यांदा तिनं मुद्दाम अडखळून पाहिलं. “आई, मला पा... पा... पाणी दे.” रेघ हललीसुद्धा नाही. बाईंनी भुवया आकसल्या. खोटं कारण सांगून घरी जायला निघालेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी मुलीकडे बघितलं.

“खोटं अडकलं की ती तेव्हापण ओळखायची,” वैजयंती कानकोंडी होऊन म्हणाली.

मग तिनं उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. बोट बंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आधाराशिवाय बोलणार होती, तेही दोन परक्या माणसांदेखत.

“आई,” ती म्हणाली, “मला तुझी आ... आ...”

शब्द खरोखरच अडकला. मान ताठली, डोळे भरले, ओठ नुसते थरथरत राहिले. पल्लवीला खाली बघावंसं वाटलं, पण तिनं बघितलं नाही.

बाईंचा डावा हात वर गेला. खुर्चीच्या हातावर पडला.

“ठ,” त्या म्हणाल्या. हात पुन्हा पडला. “वण.”

“आठवण,” वैजयंती कशीबशी म्हणाली. “आठवण ये... ये...”

“ते.”

कोपऱ्यात मुजावर चष्मा काढून पुसत होते आणि तो स्वच्छ होत नव्हता. पल्लवीची नजर यंत्राकडे गेली. धक्क्याचं बटण तिनं दाबलंच नव्हतं. मघापासून टोपरं नुसतं डोक्यावर होतं.

वैजयंतीला पुढं बोलवेना. यावेळी ते तोतरेपण नव्हतं, नुसतं रडू होतं, पण बाईंना त्यातला फरक करायचा नव्हता. लेकरू अडलं होतं. त्यांनी हात उताणा करून तिच्यापुढं धरला, पूर्वी धरायच्या तसा, आणि वाट बघितली.

“घाई नाही,” मगदूमबाई म्हणाल्या. “बोल, वैजू.”